खराद उंच केली त्या वर्षी

दिवाळी उरकली की आमच्याकडे एक पाहुणे हमखास यायचे. मोलगीच्याही वर, डोंगरात त्यांचं गाव. बाजाराच्या दिवशी ते आमच्या खापरला जीपमधून उतरायचे, बाजार करायच्या आधी आमच्या ओट्यावर येऊन बसायचे, पाणी प्यायचे आणि ह्यांना दर वर्षी तेच विचारायचे, "या वर्षी होईल का?"

ह्यांना म्हणजे माझ्या नवऱ्याला. नाव घ्यायची सवय मला कधी नव्हती आणि आता लावून घेण्यात अर्थ नाही.

हे लाकूड कातायचे. खाटेचे खूर, पाळण्याचे दांडे, लाटणी, पोळपाट, देवघराचे छोटे खांब. आमच्याकडे या कातायच्या मशीनला कोणी लेथ म्हणतं, जुनी माणसं खराद म्हणतात. आमची खराद माझ्या सासऱ्यांनी सुरतेच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून आणली होती. सागवानाच्या दोन जाड तुळया आडव्या ठेवलेल्या. त्यांवर डावीकडे एक लोखंडी डोकं, मोटरच्या पट्ट्यानं गरगर फिरणारं. उजवीकडे सरकणारं टेकण. या दोघांच्या टोकांमध्ये लाकूड पकडायचं, ते फिरायला लागलं की पुढच्या पट्टीवर पटाशी टेकवून त्याला आकार द्यायचा. टोकांपासून खालच्या तुळयांपर्यंतचं अंतर जेमतेम वीतभर. त्याहून जाड लाकूड लावलं की ते तुळयांना घासायचं.

आणि डोंगरातल्या पाहुण्यांना हवा होता मोठा ढोल. होळीला गळ्यात अडकवून वाजवतात तो, कवेत घेतला तरी हाताला हात मिळत नाही असा. त्यांच्या वडलांच्या ढोलाचं लाकूड जुनं होऊन तडकलं होतं. तारा गुंडाळून ते काम भागवत होते. वासल्यानं, म्हणजे सुताराच्या वाकसानं, ठोकून ठोकून ढोल करणारे त्यांच्याकडे होते, पण तोंडं एकसारखी गोल होत नाहीत, चामडं नीट ताणलं जात नाही, आवाज फुटतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना कातलेलाच हवा होता.

"मन्ही खरादवर इतलं मोठं बसतच नही, भाऊ," हे दर वर्षी सांगायचे.

"मग पुढच्या वर्षी बघू," असं म्हणून ते उठायचे. ते त्यांच्या भिलीत अहिराणी मिसळून बोलत. मला जसं समजे तसं मी इथे लिहिते आहे. आम्ही दोघं घरात अहिराणीच बोलायचो. मला ते 'बेन' म्हणत. निघताना माझ्या हातात चारोळ्यांची नाहीतर भगरीची पुडी ठेवत. मी त्यांना ढोलवाले बाबा म्हणायचे. ते गेल्यावर हे थोडा वेळ खरादीकडे बघत बसायचे. मग मोटर चालू करायचे आणि पुन्हा खाटेचे खूर.

माझं काम शेवटचं असायचं. कातून झालेल्या दांड्याला पॉलिश कागद मारायचा आणि फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून रंग चढवायचा. लाख लाकडाच्या घासण्यानं तापून वितळते आणि लाल, हिरवा पट्टा चढत जातो. पाळण्यांना हे रंग लागायचेच. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी शिकवलं होतं. पटाशी मात्र मी कधी हातात धरली नव्हती. आमच्यात बायका धरत नाहीत असं काही कोणी सांगितलं नव्हतं, पण तसा प्रश्नच निघाला नाही.

ह्यांचा खोकला आधी आम्ही कोणीच मनावर घेतला नाही. लाकडात काम करणाऱ्याला खोकला असायचाच. तोंडाला रुमाल बांध म्हटलं की हे दोन दिवस बांधायचे. मग बाजारापर्यंत चालून आले की ओट्याच्या पायरीवर बसायला लागले. नंतर ती पायरी चढण्याआधी थांबायला लागले. आमची मुलगी नवापूरला दिली आहे, ती आणि जावई येऊन ह्यांना सुरतेला घेऊन गेले. मी बरोबर होते. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून दाखवला. फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत म्हणाले. झालेलं मागे फिरणार नाही, पुढचं जमेल तेवढं लांबवता येईल. आणि लाकडाच्या भुशाजवळ आता पाऊल टाकायचं नाही.

परतीच्या प्रवासात सोनगड मागे पडलं. मग हे म्हणाले, "दांडा बाकी ऱ्हायनात त्या पाळणाना." अक्कलकुव्याच्या एका घरचा पाळणा अर्धा राहिला होता. तो तसाच राहिला. त्यांना बाजारातून लोखंडी पाळणा घ्यावा लागला.

घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. दिवसभर गुरगुरायचं. नाकाला नळी लावून हे ओट्यावर खुर्चीत बसत. खरादीवर मी जुनी सतरंजी टाकून ठेवली होती. मुलगी म्हणाली, विकून टाका, ह्यांना सारखी समोर दिसते. हे म्हणाले, "दिसू दे."

त्या वर्षी दिवाळीनंतर ढोलवाले बाबा आले तेव्हा त्यांना काहीच माहीत नव्हतं. ओट्यावर चढता चढता नळी दिसली आणि ते तिथेच थांबले. मग जवळ येऊन बसले. मी चहा आणला. बाबा या वेळी विचारणार नाहीत हे मला कळत होतं. त्यांनी विचारलंही नाही. फक्त एवढं सांगितलं, की पावसात त्यांच्या शेताच्या बांधावरचं शिवणीचं मोठं झाड उन्मळून पडलं. पोरं जळणासाठी तोडायला निघाली होती. बुंधा तेवढा त्यांनी राखला आहे.

"पोकळ शे का?" ह्यांनी विचारलं.

"नाही. भरीव."

"केवढा जाड?"

बाबांनी दोन्ही हात पसरून दाखवलं.

ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "लई ये," म्हणाले, घेऊन ये.

मी दारात उभी होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही, कारण पाहुण्यांसमोर बोलायची रीत नाही. बाबा गेल्यावर मात्र मी बोलले.

"डॉक्टरनी काय सांगेल शे? भुसाना जोडे जावानं नही."

"मी कोठे जाई ऱ्हायनू? मी आठेच बठसू. तू उभी ऱ्हाशी."

"माले कोठे येस ते?"

"इतला वरीस लाख कोन लावं? हात तोच शे, हत्यार तेवढं दुसरं."

"नि ती खरादवर बुंधा बसी का?"

"खराद उंच करनी पडी," हे म्हणाले. एवढं बोलून त्यांना धाप लागली. पण चेहरा मात्र मला फार दिवसांनी ओळखीचा वाटला. मी भांडण पुढे नेलं नाही.

खरादीचं काम कसं करायचं हे त्यांच्या डोक्यात कधीचं तयार होतं. दर वर्षी बाबा गेल्यावर ते खरादीकडे बघत बसायचे, तेव्हा हेच चाललेलं असायचं हे मला तेव्हा कळलं. फाट्यावरचे वेल्डिंगवाले भाऊ आले. ह्यांच्याहून थोडे लहान, ह्यांना काका म्हणायचे. त्यांनी खरादीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "काका, इतली जुनी शे. नवी का नही लेतस?"

"नवीले माले शिकाडनं पडी. हाई माले वळखस," हे म्हणाले.

डावीकडचं डोकं आणि उजवीकडचं टेकण, दोन्ही तुळयांवरून उचलायची आणि त्यांच्याखाली लोखंडी चॅनेलच्या जाड पेट्या बसवायच्या. तसं केलं की टोकं वर जातात, तुळया खालीच राहतात आणि मधे मोठ्या बुंध्याला फिरायला जागा होते. सांगायला इतकं सोपं. पण दोन्ही पेट्या अगदी सारख्या उंच हव्यात. केसभर फरक पडला तर दोन टोकं समोरासमोर येत नाहीत आणि लाकूड वाकडं फिरतं. वेल्डिंगवाले भाऊ पेट्या करून आणायचे, टोकं एकमेकांना भिडवून बघायचे, ती चुकलेली असायची, पेट्या परत न्यायचे. ह्यांनी मला टेकण सरकवायला सांगितलं आणि दोन टोकांच्या मधे ब्लेडचं पान धरायला लावलं. टोकं बरोबर असतील तर पान सरळ उभं राहतं, चुकली असतील तर कलतं. पान कलायचं. "पुन्हा," हे ओट्यावरून म्हणायचे. खरादीच्या खोलीची खिडकी ओट्यावर उघडते, तिच्या गजांमधून ते सगळं बघत. शेवटी पत्र्याची एक चिंधी खाली सरकवल्यावर पान उभं राहिलं. मी ते ह्यांना दिसेल असं बाजूला सरकून उभी राहिले. हे नुसतं मान हलवून हसले.

मग वेगाचा प्रश्न. खाटेचा खूर जोरात फिरला तरी चालतो. एवढा बुंधा त्या वेगानं फिरला तर उडून माणूस मारेल. वेग कमी करायला मधे एक जास्तीचा दांडा टाकून मोठी पुली बसवायची होती. पुली मिळाली तळोद्याच्या भंगारवाल्याकडे, कुठल्याशा बंद पिठाच्या गिरणीची. शिवाय तुळयांना खाली लोखंडी कोनपट्ट्या लावल्या आणि मधल्या जागेत वाळूची पोती रचली, म्हणजे खराद हलू नये. हत्यार टेकवायची पट्टी उंच केली. मी ह्यांच्याहून बुटकी, पट्टी माझ्या छातीपर्यंत आली. मग माझ्यासाठी फळ्यांचा पाट केला.

पहिल्यांदा मोटर चालू केली तेव्हा घरातले दिवे मंदावले आणि ऑक्सिजनचं मशीन टीं-टीं करायला लागलं. मी धावत जाऊन मोटर बंद केली. पुन्हा चालू केली, पुन्हा तेच. मी म्हटलं, ऱ्हाऊ द्या आता. हे चिडले. चिडून बोलताना खोकल्याची उबळ आली, ती थांबेना. मी पाठ चोळत होते आणि मनातून खरादीला शिव्या देत होते. उबळ थांबल्यावर हे हळूच म्हणाले, "पट्टा ढिला सोड. मोटर एकली फिरू दे. मंग पट्टा ताण." तसं केल्यावर दिवे मंदावले नाहीत.

बुंधा येईपर्यंत मी बाभळीच्या, निंबाच्या ओंडक्यांवर हात बसवला. पटाशी लाकडात अडकून हातातून निसटायची. एकदा ती वर उडून पत्र्याला लागली. "ते तुन्हा जोडे येस," हे खिडकीतून सांगायचे. "तू त्याना जोडे नको जाऊ. येऊ दे. आवाज आयक." आवाज मला सुरुवातीला एकच वाटायचा. हे डोळे मिटून बसलेले असायचे आणि मधेच म्हणायचे, "आते चुकनी." माझं मलाच कळायच्या आधी त्यांना कळायचं. संध्याकाळी मी अंघोळ करून, कपडे बदलूनच त्यांच्याजवळ जायचे, अंगावर भुसा नको म्हणून. तरी ते माझ्या केसांचा वास घेऊन सांगायचे, आज बाभूळ, आज निंब.

बुंधा पिकअपमधून आला. बाबांबरोबर गावातले जाणते लोक होते. त्या सगळ्यांनी मिळून तो उचलून टोकांमध्ये धरला आणि मी टेकण आवळलं. लोकांनी फिरकी देऊन बघितली. तुळयांना न घासता तो सावकाश फिरला. बाबांनी खाली वाकून बुंधा आणि तुळया यांच्यामधल्या जागेतून हात घालून बघितला आणि त्यांच्या लोकांना काहीतरी सांगितलं. सगळे हसले.

"काय म्हननात?" मी विचारलं.

"म्हटलं, इतकी वर्षं एवढ्याच जागेसाठी मी येत होतो," बाबा म्हणाले.

बाहेरचा आकार द्यायला मला पुष्कळ दिवस लागले. शिवणीचं लाकूड फिकट, मऊ, पण ओलं होतं. लांब ओल्या ढलप्या माझ्या हातांवर, गळ्यावर येऊन चिकटायच्या. मधे फुगीर, दोन्ही टोकांकडे निमुळता. हे खिडकीतून बघत, हाताच्या इशाऱ्यानं सांगत, इकडे अजून, तिकडे बस. एका दुपारी मी मोटर बंद केली आणि बघते तर हे नळी काढून दारात उभे. मी ओरडणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. चौकट धरत, भिंत धरत ते आत आले आणि ढोलाच्या पोटावर दोन्ही तळहात ठेवले. मग मला म्हणाले, "फिरव हातनी." मी हातानं हळूहळू फिरवला. त्यांचे तळहात त्याच्यावर तसेच होते, लाकूड खालून सरकत होतं. ते डोळे मिटून होते. त्यांच्या छातीची घरघर त्या खोलीत मला स्पष्ट ऐकू येत होती.

"आठे थोडं जाड शे," म्हणाले.

"आजून काढू?"

"नको. ऱ्हाऊ दे जाडच. आते याले वाळू देनं पडी. वाळना की वाकडा व्हई, मंग पुन्हा खरादवर चढावानं. पावसाळा जाऊ दे. पुढली होळीना आगोदर आखरी हात मारजो."

"मारजो म्हंजे? कोन?"

"तू."

"नि तुम्ही?"

"मी दखसू ना," हे म्हणाले. बघेन, असं माझ्याकडे न बघता म्हणाले. ओलं लाकूड लगेच पातळ कातलं तर फुटतं, ते जाड ठेवून वर्षभर वाळवावं लागतं, हे बुंधा आणायला सांगितला त्या दिवसापासून त्यांना माहीत होतं. आपल्याकडे वर्ष नाही हेही माहीत होतं. मला ते त्या क्षणी कळलं. मी त्यांना धरून ओट्यावर आणलं, नळी लावली आणि स्वयंपाकघरात जाऊन चुलीपुढे उभी राहिले. चूल पेटवलेली नव्हती.

बाबांच्या लोकांनी चार-सहा दिवस मुक्काम करून छिन्नीनं, वासल्यानं बुंधा आतून पोखरला. मग दोन्ही तोंडांना शेणाचा जाड लेप दिला, वर गोणपाट गुंडाळलं आणि ढोल मागच्या अंधाऱ्या खोलीत उभा ठेवला, ऊन-वारा लागू नये म्हणून. होळी आली आणि गेली. डोंगरात बाबांनी तारा गुंडाळलेला जुनाच ढोल वाजवला.

ह्यांना आता ओट्यावर बसवत नव्हतं. त्या मागच्या खोलीच्या दाराशीच मी त्यांची खाट टाकली. रोज सकाळी मी आत जाऊन गोणपाट उकलून बघायचे आणि बाहेर आले की हे विचारायचे, "फुटना का?"

"नही फुटना."

वैशाखात, सकाळी, मी चहा गाळत असताना हे गेले. काही बोलले नाहीत, हाक मारली नाही. मी कप घेऊन आले तर मान उशीवरून कललेली. ऑक्सिजनचं मशीन गुरगुरतच होतं. शेजारचे लोक आले, रडणं-बोलणं झालं, नवापूरहून मुलगी आली, तोपर्यंत ते चालूच होतं. ते बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. मुलीनं बटण दाबलं तेव्हा घर इतकं गप्प झालं, की मी दचकले.

बाबांना निरोप उशिरा पोचला. दशक्रियेच्या दिवशी ते आले, मागे उभे राहिले, जेवले नाहीत. निघताना मला म्हणाले, "बेन, ढोलाचं मनावर घेऊ नको. तसाच दे मला. आम्ही घरी करू काहीतरी."

मी म्हटलं, "नही. वाळू द्या त्याले."

मुलगी मला नवापूरला न्यायला बघत होती. ह्यांचे भाचे म्हणत होते, खराद अशी पडून ठेवून काय उपयोग, आता उंच केली आहे तर कोणीतरी घेईलही. भंगारवाला दोनदा येऊन बघून गेला. मी सगळ्यांना एकच सांगत होते, होळीनंतर बघू. खरं म्हणजे होळीनंतरचं मी काहीच ठरवलं नव्हतं. सकाळी मागच्या खोलीत जायची सवय लागली होती. गोणपाट उकलायचं, बघायचं, बाहेर यायचं. बाहेर आल्यावर सांगायला कोणी नसायचं. तेवढा एक क्षण रोज वाईट जायचा. बाकीचा दिवस कामात निघायचा.

श्रावणात एका सकाळी तडा दिसला. एका तोंडापासून निघून खाली आलेला, बोटभर लांब. मी त्याच्यावर हात ठेवून कितीतरी वेळ बसून राहिले. काय करायचं ते मला सांगून ठेवलेलं नव्हतं. पोळपाटाला तडा गेला की हे पोळपाट टाकून द्यायचे. मी बाबांना फोन केला. रेंज लागायला दोन दिवस गेले. ते भर पावसात आले, नदीनाले ओलांडून. तडा बघितला, बोटानं वाजवून वरपासून खालपर्यंत ऐकलं.

"खाली गेला नाही अजून," म्हणाले. "एवढं तोंड कापून टाकू."

"मंग ढोल बुटका व्हई."

"होऊ दे बुटका."

"ह्यास्नी जसा धरेल व्हता तसा नही ऱ्हावाव."

बाबा गोणपाटावर बसले. "बेन," ते म्हणाले, "तो असता तर त्यानं काय केलं असतं?"

मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात काढून, खिडकीतून रोज त्यांचं ऐकून, मला हे सांगता येत नव्हतं, याचं मला रडू आलं. हे गेले तेव्हा लोकांसमोर रडले त्याहून जास्त रडले. बाबा उठून ओट्यावर जाऊन बसले आणि माझं होईपर्यंत तिथेच थांबले. मग आम्ही दोघांनी मिळून करवतीनं ते तोंड कापलं. कापलेल्या कड्यात तडा पुरा निघून आला. ढोलाला पुन्हा लेप दिला.

माघात मी ढोल खरादीवर चढवला. पोकळ ढोल टोकांमध्ये पकडता येत नाही, म्हणून दोन्ही तोंडांत घट्ट बसतील अशा लाकडाच्या चकत्या केल्या आणि त्या चकत्यांना टोकं लावली. वेल्डिंगवाले भाऊ धरायला आले होते. हातानं फिरवून बघितलं. ह्यांनी सांगितलं होतं तसाच तो वाकडा झाला होता, गोलाचा अंडाकार. पट्टा ढिला सोडून मोटर चालू केली, मग ताणला. दिव्यांचं आता काही नव्हतं, ऑक्सिजनचं मशीन कधीच परत गेलं होतं. तरी मी पट्टा ढिलाच सोडला.

सुरुवातीला पटाशीला लाकूड एकदा लागायचं, एकदा हुकायचं. टक, टक, टक. उंच बाजू निघत गेली तसा आवाज जवळ जवळ येत गेला आणि मग सलग झाला. वाळलेल्या शिवणीची ढलपी कोरडी, हलकी, कागदासारखी निघते. माझा हात कुठे अडकला नाही. एकदाही नाही. पोटावरून तोंडाकडे मी एका दमात उतरत गेले आणि मोटर बंद न करता खिडकीकडे बघितलं. गजांच्या पलीकडे रिकामा ओटा होता, त्याच्यावर मी सकाळी वाळत घातलेले पापड होते. मी पुन्हा लाकडाकडे बघितलं आणि दुसरी बाजू घेतली.

लाख लावू का म्हणून बाबांना विचारलं. ते म्हणाले, तोंडाशी एक लाल पट्टा. तेवढाच लावला.

ढोल डोंगरात गेला. चामडं त्यांनी तिकडे चढवलं. बाबांनी होळीचं आमंत्रण द्यायला मुद्दाम जीपवाल्याबरोबर निरोप धाडला, पण वर्ष झालं नव्हतं, सण करायचा नव्हता, मी गेले नाही. होळीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी उजाडल्यावर, बाबांचा फोन आला. त्यांचा घसा बसलेला होता. "ऐक," म्हणाले आणि फोन ढोलाजवळ धरला. मला फोनमधून नुसती खरखर ऐकू आली. एवढा मोठा आवाज त्या फोनमध्ये मावत नव्हता. मधे थांबून ते विचारत, "आला का?" मी म्हणत होते, "वना, बाबा, वना." बराच वेळ त्यांनी धरून ठेवला. मग रेंज गेली.

वर्षश्राद्ध झाल्यावर मुलगी पुन्हा न्यायला आली. मी चार दिवस नवापूरला राहून परत आले. खराद विकलेली नाही. बाबांच्या भागातून आणखी एक बुंधा येऊन पडला आहे, तो वाळायला ठेवायच्या आधीचं काम मी करते आहे. मधल्या वेळात खाटेचे खूर. वेल्डिंगवाले भाऊ परवा कोणाला तरी सांगत होते, की काकूंचा हात आता काकांसारखाच चालतो. ते चांगल्या मनानं म्हणाले. मी आत निघून गेले.

ह्यांनी माझं पाहिलं ते सगळं ओल्या लाकडातलं, कच्चं काम. चुकणारं, अडकणारं. पटाशी पत्र्यावर उडालेली त्यांनी पाहिली. शिवणीची ती सलग, कोरडी ढलपी त्यांनी पाहिली नाही. मी खरादीपाशी उभी राहते, हात आपोआप चालतो, आवाज ठीक आहे हे मला आता कळतं. ते कळलं की मला खाली बसावंसं वाटतं. पण मोटर चालू असते, म्हणून मी बसत नाही.